*बांधावरची उन्हाळी (शरपुंखा) : उपटायची, फवारायची की ठेवायची?*



आजचा मेसेज मोठा आहे. दुपारच्या सावलीत निवांत वाचा आणि सेव्ह करून ठेवा, जून महिन्यात पुन्हा लागणार आहे.

गेल्या पंधरा दिवसांत एकच व्हिडिओ मला चार-पाच सभासदांनी पाठवलाय. ‘ॲस्ट्रागॅलस’ नावाची परदेशी औषधी वनस्पती, इंग्रजीत ‘मिल्कव्हेच’. बियाण्याची पाकिटं घरपोच मिळतात, माळरानावर कशीही येते, मुळ्या सोन्याच्या भावानं जातात, असं त्यात सांगितलंय. सगळ्यांचा प्रश्न एकच : “मॅडम, आपल्या मुरमाड रानात येईल का?”

थोडक्यात उत्तर : पाकिटं मागवू नका.

पण लांबचं उत्तर जास्त कामाचं आहे. त्याच शेंगवर्गीय कुळातली एक रानटी वनस्पती आत्ता तुमच्या बांधावर उभी आहे. तिला पाणी लागत नाही, खत लागत नाही, बी विकत आणावं लागत नाही. आणि दिवाळीनंतर बांध साफ करायच्या घाईत आपण तिच्यावर तणनाशक मारतो. तिचं नाव उन्हाळी, म्हणजेच शरपुंखा. आजचा मेसेज तिच्याबद्दल.

*१) आधी व्हिडिओतली वनस्पती समजून घेऊ*

ॲस्ट्रागॅलस ही एक वनस्पती नाही, तो मोठा गोतावळा आहे. जगात त्याच्या अडीच हजारांहून जास्त जाती आहेत. बहुतेक जाती थंड आणि कोरड्या प्रदेशातल्या. भारतात त्या मुख्यतः हिमालयात, काश्मीर-लडाखकडे सापडतात. ‘मिल्कव्हेच’ हे नाव पडलं, कारण युरोपात जुन्या काळी समज होता की हिचा पाला खाल्ला की शेळ्या जास्त दूध देतात.

या गोतावळ्यात नाना तऱ्हा आहेत :

• चीनमध्ये एक जात भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून शेकडो वर्षं पेरतात. आपण ताग-धैंचा गाडतो, तसंच.

• दुसऱ्या एका जातीचं मूळ चिनी औषधात वापरतात. व्हिडिओत दाखवतात ती हीच. ती उत्तर चीन आणि मंगोलियाच्या थंडीतली. मूळ काढण्याजोगं व्हायला काही वर्षं लागतात.

• इराणकडच्या काही काटेरी जातींपासून डिंक मिळतो.

• अमेरिकेतल्या काही जाती इतक्या विषारी आहेत की त्या चरून घोडी आणि गुरं वेड्यासारखी वागायला लागतात, शेवटी मरतातही.

म्हणजे ‘ॲस्ट्रागॅलस’ एवढंच लिहिलेल्या पाकिटात कोणतं बी आलंय, हे तुम्हाला कळणार नाही आणि पाकीट न उघडता मलाही सांगता येणार नाही. थंडीतल्या वनस्पतीला मे महिन्यातल्या सोलापूरच्या ४२-४३ अंशांत उभं करणं हा वेगळाच खेळ. तो प्रयोग आपल्या पैशानं करायची गरज नाही.

*२) आपली उन्हाळी ओळखायची कशी?*

शास्त्रीय नाव टेफ्रोसिया परप्युरिया. संस्कृतात शरपुंखा, हिंदीत सरफोंका. आपल्याकडे उन्हाळी. (लघवीला जळजळ झाली की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, ती उन्हाळी वेगळी. इथे आपण झाडाबद्दल बोलतोय.) अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कन्नड बोलणाऱ्या सभासदांनी आपल्याकडचं नाव मला जरूर कळवा.

खुणा अशा :

• झुडूप गुडघ्याएवढं, चांगल्या जागी कमरेपर्यंत. बुडाला खोड टणक, लाकडासारखं. एकदा जम बसला की वर्षानुवर्षं त्याच बुडक्यातून फुटतं.

• पान संयुक्त. एका दांडीवर समोरासमोर बारीक पानांच्या जोड्या आणि टोकाला एक सुटं पान.

• फुलं लहान, गुलाबी-जांभळी, तुरीच्या फुलासारख्या घडणीची.

• शेंगा चपट्या, दीड-दोन इंच लांब, टोकाला किंचित वाकलेल्या. वाळल्या की तडकून बी उडतं.

• मूळ सरळ खोल जाणारं. उपटायला गेलात तर हात सोलतील, मूळ येणार नाही.

*खात्रीची परीक्षा :* एक बारीक पान दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि टोकाकडून अलगद ओढून तोडा. पान सरळ फाटत नाही, शिरेच्या रेषेनं तिरकं तुटतं आणि दोन शेपट्यांचा आकार होतो. बाणाच्या मागे पिसं लावलेली असतात ना, अगदी तसा. ‘शर’ म्हणजे बाण आणि ‘पुंख’ म्हणजे बाणाचा पिसांचा भाग. नावातच ओळख ठेवलीय. लेकरांना शिकवा, एकदा पाहिलं की विसरत नाहीत.

*घोळ कुठे होतो?* टाकळ्याची फुलं पिवळी आणि पानं रुंद असतात, ती वेगळी. रानटी निळीच्या जाती लांबून सारख्या दिसतात, पण त्यांच्या शेंगा चपट्या नसतात, दाभणासारख्या गोल आणि बारीक असतात. उन्हाळीचीच एक बहीण आहे, तिच्या शेंगांवर दाट लव असते. औषधाच्या बाबतीत ती वेगळी धरतात. म्हणून बी गोळा करताना जवळजवळ गुळगुळीत शेंगेचंच घ्या, मिसळ करू नका.

*३) ती कुठे येते आणि टिकते कशी?*

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तोही कधी सप्टेंबरमध्ये एकदम, कधी नाहीच. करमाळा, सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, कुठेही जा. रस्त्याची कड, गाडीवाट, ताली, मुरमाड माळ, पडीक तुकडा, तिथे उन्हाळी भेटतेच. मे महिन्यात सगळं करपलेलं असताना हिचे बुडके जिवंत असतात आणि वळवाचा एक पाऊस झाला की फुटतात.

टिकण्यामागे तीन कारणं आहेत.

पहिलं, मूळ. वरची वीत-दीड वीत माती वाळली तरी खालची ओल मुळाला सापडते.

दुसरं, मुळावरच्या गाठी. चवळी, मटकी, तूर यांच्या मुळांवर असतात तशाच. त्यातले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र झाडाला मिळवून देतात. म्हणून खत नसलेल्या मुरमातही ती हिरवीगार दिसते.

तिसरं, चव. गुरं हिला सहसा तोंड लावत नाहीत. माळावर शेळ्या-मेंढ्यांनी गवत बुडापर्यंत खाल्लं तरी उन्हाळी उभी राहते. त्याचं कारण पाचव्या मुद्द्यात वाचा, ते महत्त्वाचं आहे.

*४) जमिनीला उपयोग किती? खरा हिशोब*

तामिळनाडूत हिला ‘कोळिंजी’ म्हणतात आणि भाताच्या हलक्या जमिनीत हिरवळीचं खत म्हणून मुद्दाम पेरतात. तिथल्या शिफारशीत हेक्टरी सरासरी ३ ते ४ टन हिरवा पाला धरतात. म्हणजे एकरी साधारण १२०० ते १६०० किलो.

आता आपण गणित करू. अंदाजाचं आहे, पण दिशा कळेल.

• एकरी ओला पाला १४०० किलो धरला, तर वाळून साधारण ४०० किलो उरेल.

• वाळलेल्या पाल्यात ३ टक्क्यांच्या आसपास नत्र धरलं, तर १२ किलो नत्र.

• युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे जेमतेम २१ किलो.

म्हणजे एक एकर उन्हाळी गाडून मिळालेलं नत्र अर्ध्या गोणीपेक्षा थोडंच जास्त. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून पैशात मोजलं तर दीडशे-एकशे साठ रुपये. हे मी मुद्दाम उघड सांगतेय. उद्या कोणी ‘उन्हाळी लावा, खत बंद करा’ म्हणालं तर हे गणित त्याच्यासमोर ठेवा.

*मग ठेवायची कशाला?* कारण युरियाच्या गोणीतून माती मिळत नाही.

आपल्या हलक्या रानाचं खरं दुखणं सेंद्रिय कर्बाचं आहे. माती तपासणीच्या कागदावर कर्बाच्या रकान्यात ‘कमी’ किंवा ‘अत्यंत कमी’ हे शब्द आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिले असतील. पाला-पाचोळा मातीत गेल्याशिवाय कर्ब वाढत नाही, आणि कर्ब नसलेली माती पाणी धरत नाही. दीडशे रुपयांचं नत्र बाजूला ठेवा. ते ४०० किलो वाळलेलं सेंद्रिय पदार्थ एरवी विकत आणायचे तर शेणखताची ट्रॉली लागते, आणि ट्रॉलीचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरा फायदा बांधाचा. तणनाशक मारलेला बांध दिसायला स्वच्छ दिसतो, पण पहिल्या जोरदार पावसात त्याचीच माती ओघळीनं खाली जाते. खोल मुळाची झुडपं असलेली ताल फुटत नाही. खर्च करून घातलेली ताल टिकवायला याहून स्वस्त राखणदार नाही.

आपल्या सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात रब्बी ज्वारीवर बरीच वर्षं प्रयोग चालले. त्यात हेक्टरी ५० किलो नत्रापैकी २५ किलो सुबाभळीच्या पाल्यातून आणि २५ किलो युरियातून, अशी निम्मी-निम्मी पद्धतही होती. तो प्रयोग सुबाभळीचा होता, उन्हाळीचा नाही. पण विचार आपल्या कामाचा आहे. पाला आणि युरिया यांचं भांडण लावायचं नाही, जोडी लावायची. बांधावर गिरिपुष्प, सुबाभूळ आणि खाली उन्हाळी असेल तर ही जोडी घरच्या घरी जमते.

*५) विषाची बाजू : हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका*

गुरं हिला खात नाहीत, ते उगीच नाही. उन्हाळीच्या पाल्या-मुळांत टेफ्रोसिन आणि त्या जातीची इतर द्रव्यं असतात. या कुळातल्या वनस्पती कुटून डोहात टाकायच्या, मासे गुंगले की हातानं पकडायचे, ही जुनी पद्धत अनेक देशांत होती. म्हणून :

• *शेततळ्यात मासे सोडले असतील तर उन्हाळीचा पाला, कापलेल्या फांद्या, धुतलेलं पाणी तळ्यात जाऊ देऊ नका.* तळ्याच्या भरावावर ती उगवली असेल तर कापून लांब न्या.

• कापलेला पाला कडबाकुट्टीत मिसळू नका. चाऱ्याची टंचाई असताना हा मोह होतो. ओळख असलेली गुरं माळावर तिला टाळतात, पण कुट्टीत बारीक झालेलं त्यांना वेगळं काढता येत नाही.

• कापणी केल्यावर हात धुवा.

*६) औषधी उपयोग*

आयुर्वेदात शरपुंखेला ‘प्लीहशत्रू’ असं दुसरं नाव आहे. प्लीहा म्हणजे पाणथरी. पाणथरी आणि यकृताच्या विकारांत वैद्य हिचं मूळ किंवा पंचांग (मूळ, खोड, पान, फूल, फळ मिळून) वापरतात. काही ठिकाणी जुनी माणसं हिच्या मुळीनं दात घासत.

पण घरी काढा करून पिऊ नका. मागच्या मुद्द्यात सांगितलेलीच द्रव्यं त्यात असतात, आणि मात्रा किती हे वैद्याचं काम. कावीळ झाली की आपल्याकडे आधी झाडपाल्याकडे धाव घेतली जाते आणि दवाखान्यात माणूस उशिरा पोहोचतो. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी डॉक्टर. मग वैद्यांना दाखवायचं तर अवश्य दाखवा.

*७) लागवड कुठे करावी, कुठे करू नये*

*करावी :*

• बांध, ताली, शेताकडच्या गाडीवाटेची कड.

• पडीक मुरमाड तुकडा, जिथे दुसरं काही येत नाही.

• सीताफळ, बोर, आंबा यांच्या दोन ओळींमधली मोकळी पट्टी. वर्षातून एक-दोनदा कापून झाडाच्या आळ्यात आच्छादन करायचं.

• डाळिंबाच्या ओळींमध्ये आधी तपासणी करूनच. कशी करायची ते खाली दिलंय.

*करू नये :*

• *रब्बी ज्वारीच्या काळ्या रानात.* आपली ज्वारी पावसाळ्यात जमिनीनं साठवलेल्या ओलीवर येते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या पेरणीच्या काळात ती ओल जमिनीत असायला हवी. पावसाळाभर तिथे खोल मुळाचं झुडूप उभं केलं तर ओल तेच पिऊन टाकेल. शिवाय उन्हाळी सावकाश वाढते आणि एकदा जम बसला की निघता निघत नाही. पिकाच्या रानात ती तणच आहे.

• उसात. तिथे ताग किंवा धैंचाच बरा. पाणी आहे, दीड महिन्यात गाडायला तयार होतो.

*डाळिंबवाल्यांसाठी तपासणी :* आपल्याकडे बागांमध्ये सूत्रकृमीचा त्रास आहे. आधी बांधावरच्या दोन-चार उन्हाळी टिकावानं खणून मुळं पाहा. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखानं सहज निघते, फोडली तर आत गुलाबी-लालसर दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती नखानं निघत नाही. अशी सूज दिसली तर बागेत उन्हाळी नको, आणि फोटो मला पाठवा. ही परीक्षा टोमॅटो, भेंडी, वांग्याच्या मुळांवर सूज पाहायलाही उपयोगी आहे.

*८) लागवड कशी करायची?*

*बी गोळा करणं :* आत्ता हिरव्या शेंगा दिसतायत. शेंग तपकिरी झाली पण तडकली नाही, अशा वेळी सकाळच्या गारव्यात तोडा. उन्हात तोडायला गेलात तर शेंगा हातातच फुटतात. गोणपाटावर टाका, वरून जुनी साडी झाका, नाहीतर वाळताना बी उडून अंगणभर होईल. मग झोडपून पाखडून घ्या. स्वतःच्या किंवा गावच्या ओळखीच्या बांधावरूनच घ्या. वनखात्याची हद्द किंवा नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं क्षेत्र असेल तिथून काही तोडू नका.

*बीप्रक्रिया :* हीच खरी मेख आहे. बियाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, पाणी आत जात नाही. तसंच पेरलं तर थोडं यंदा उगवेल, थोडं पुढच्या वर्षी, बाकीचं कधीतरी. त्यावर दोन उपाय :

अ) पाणी उकळा, भांडं *चुलीवरून खाली उतरवा*, बी फडक्यात बांधून २ ते ३ मिनिटं बुडवा, लगेच गार पाण्यात टाका.

आ) किंवा जाड वाळूत मिसळून गोणपाटावर हातानं चांगलं चोळा, म्हणजे साल खरवडली जाते.

मग सावलीत सुकवा. शेवटी चवळी गटाचं रायझोबियम, १० किलो बियाला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळा. गरम बियाला जिवाणू लावले तर ते मरतात, एवढं लक्षात ठेवा.

*आधी चाचणी :* १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून आठ-दहा दिवस ओलं ठेवा. ५० उगवल्या तर बी दुप्पट लागेल हे समजून घ्या.

*पेरणी :* जून-जुलैमध्ये चांगला पाऊस झाल्यावर. सलग पट्टीला हेक्टरी ३० किलो, म्हणजे एकरी १२ किलो बी. बांधावर मोजमाप नको, कुदळीनं ओरखडा काढा, बी टाका, हलकी माती ओढा. बी बारीक आहे, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल जाऊ देऊ नका.

*निगा :* पहिले दीड-दोन महिने वाढ संथ असते, त्यात गाजरगवत तिला दाबून टाकतं. एक खुरपणी द्या. नंतर तीच जागा धरते.

*कापणी :* फुलावर यायला लागली की कापा. उशीर केला तर खोड लाकूड होतं, कुजायला वेळ लागतो, आणि ते कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र काही काळ वापरून टाकतात. वीतभर बुडका ठेवून कापा, पुन्हा फुटेल. जिथे पसरायला नको तिथे शेंगा भरायच्या आत कापायचीच. बियासाठी पाच-दहा झुडपं वेगळी राखा.

*९) ‘औषधी माल म्हणून विकता येईल का?’*

हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते.

शरपुंखेला बाजार आहे, पण माल मुख्यतः पडीक जागेतून गोळा केलेला येतो. जी वस्तू रस्त्याच्या कडेला फुकट उगवते, तिला मोठा भाव मिळत नाही. लागवड करून, मजूर लावून, वाळवून विकायला गेलात तर मजुरी निघेल की नाही, हे आधी गणित करून बघा.

मी डिप्लोमाला होते तेव्हाची गोष्ट. माझ्या वडिलांनी एकरभर कोरफड लावली. रोपं विकणाऱ्यानं ‘सगळा माल आम्हीच उचलू’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं होतं. रोपांचे पैसे आगाऊ घेतले. माल तयार झाला तेव्हा फोन बंद, आणि कागदावरचा पत्ता म्हणजे एक कुलूप लावलेला गाळा. वडिलांनी चार-पाच महिने वाट पाहिली, मग रोटर मारला. त्या वर्षी त्या एकरात ना ज्वारी ना कडबा. म्हशीसाठी कडबा विकत घ्यावा लागला आणि आईच्या हातातल्या पाटल्या सहा महिने बाहेर होत्या. वडील शिकलेले आहेत, अडाणी नाहीत. फसतात ते अडाणी म्हणून नाही, रान मोकळं पडल्याचं दुःख असतं म्हणून फसतात.

त्यामुळे औषधी वनस्पतीबाबत माझे चार नियम :

१. *आधी गिऱ्हाईक, मग बी.* गिऱ्हाईकाला नमुना दाखवा, भाव लिहून घ्या, मग रानात उतरा.

२. जो बी-रोपं विकतो तोच माल घेणार असेल, तर तो पैसे कशातून कमावतोय ते ओळखा. बहुतेक वेळा रोपांतूनच.

३. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ ही केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाची यंत्रणा आहे. योजना, अनुदान असं कोणी सांगितलं तर तिथून किंवा आपल्या कृषी विज्ञान केंद्रातून खात्री करा, व्हिडिओवरून नाही.

४. एकट्यानं विकू नका. खरी मागणी आली तर कंपनीमार्फत, पाच-पंचवीस जणांचा माल एकत्र करून बोलू.

*१०) या आठवड्यात काय करायचं?*

✅ बांधावर तणनाशक मारण्याआधी एक चक्कर मारा. पान तोडून बाणाची परीक्षा करा. उन्हाळी असेल तिथे फवारा बंद ठेवा. गाजरगवत हातानं उपटा किंवा कोयत्यानं कापा.

✅ पाच-दहा चांगली झुडपं बियासाठी राखा, चिंधी बांधून खूण करा, नाहीतर घरातलंच कोणी कापून टाकेल.

✅ पिकात उगवलेली उन्हाळी मात्र आत्ताच, शेंगा तडकायच्या आत काढा.

✅ शेततळ्याच्या भरावावरची कापून लांब टाका.

✅ डाळिंबवाल्यांनी मुळाचे फोटो पाठवा.

✅ ॲस्ट्रागॅलसचं पाकीट आधीच मागवलं असेल तर रानात टाकू नका. पाकीट तसंच घेऊन ऑफिसला या, बघू काय आहे ते.

शेवटचं एक. आपल्या भागात ‘बांध साफ’ असणं ही मोठी इभ्रतीची गोष्ट आहे. बांधावर झुडूप दिसलं की शेजारी म्हणतो, “काय पाहुणं, रान पडीक टाकलं का?” त्याला उत्तर द्यायचं नसेल तर पुढच्या पावसाळ्यात दोघांच्या ताली शेजारी शेजारी उभं राहून बघा. कोणाच्या बांधावरून गढूळ पाणी जास्त वाहतंय, ते दोघांनाही दिसेल.

हा मेसेज आपल्या गावातल्या, स्मार्टफोन नसलेल्या सभासदांना वाचून दाखवा. शंका असेल तर झाडाचे तीन फोटो (पूर्ण झुडूप, तोडलेलं पान, शेंग) आणि गावाचं नाव मला पाठवा. व्हॉइस मेसेज केला तरी चालेल, संध्याकाळी सातनंतर सगळ्यांना उत्तर देते.

आपली,
कृषी सल्लागार
(आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीतर्फे)